रोगाची वाट आणि रोगाची जात

स्तनातील गाठीचा तुकडा तपासला जाऊन ती कर्करोगाची असल्याचे निश्चित झाले, म्हणजे त्या स्त्रीचा नवरा, तिची मुले, गावाकडून धावत आलेले भाऊ आणि बहुतेक वेळा ती स्वतःही डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारते तो एकच असतो: ‘पसरला तर नाही ना?’ या प्रश्नामागची भीती इतकी स्वाभाविक आहे, आणि त्याच्या उत्तरावर त्या घराचे पुढचे सारे मनसुबे इतके अवलंबून असतात, की गेल्या सव्वाशे वर्षांत शल्यवैद्यांनी, विकृतिवैज्ञानिकांनी आणि अलीकडे रेणवीय जीवविज्ञानाच्या अभ्यासकांनी आपली उत्तमोत्तम बुद्धी याच प्रश्नाच्या पायी वेचली, यात नवल नाही. परंतु या परिश्रमांचा इतिहास नीट पाहिला असता असे दिसते की, रोग कुठवर गेला आहे हे जसजसे अधिकाधिक बारकाईने कळू लागले, तसतसे त्या बारकाईचे रुग्णाच्या जीविताशी असलेले नाते विरळ होत गेले. आणि रोग कोणत्या जातीचा आहे हा दुसरा प्रश्न, जो घरातले कोणी सहसा विचारत नाही, तो औषधयोजनेचा खरा निर्णायक ठरला. आपल्या राज्यात या दोन प्रश्नांपैकी कोणाकडे आधी पैसा, यंत्रे आणि लक्ष जावे याविषयी माझे मत ठाम आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयाचे शल्यवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या शस्त्रक्रियेची हकिकत प्रसिद्ध केली, तेव्हा रोगाच्या वाटचालीचे एक स्पष्ट चित्र त्यांच्या मनात होते. स्तनातून निघालेला रोग आधी काखेतील लसिकाग्रंथींत, म्हणजे ज्या सुजल्या की आपल्याकडे ‘अवधाण आले’ म्हणतात त्या ग्रंथींत, शिरतो आणि तेथून टप्प्याटप्प्याने पुढे सर्व देहात जातो, असा त्यांचा सिद्धान्त होता. आणि सिद्धान्त असा असल्यामुळे, रोगाने ती हद्द ओलांडण्यापूर्वी स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील समस्त ग्रंथी एकसंध काढून टाकणे हाच उपाय, हे ओघानेच आले. त्या काळच्या रुग्ण स्त्रियांच्या गाठी इतक्या वाढलेल्या असत की या शस्त्रक्रियेने कित्येकींची त्या जागेची यातना संपली, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे पाऊण शतक, गाठ सुपारीएवढी असो की नारळाएवढी, तीच शस्त्रक्रिया सर्रास होत राहिली, आणि तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे असे मानले जाऊ लागले. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७१ मध्ये ती शंका घेण्याचे धैर्य दाखवले. काख साफ केलेल्या आणि तशीच राखलेल्या स्त्रियांची त्यांनी तुलना आरंभली, आणि २००२ मध्ये जेव्हा पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या दोन्हींच्या आयुष्यमर्यादेत लक्षणीय अंतर आढळले नाही.

काखेतल्या ग्रंथी काढल्याने असे काय मोठे बिघडते, असे ज्याला वाटेल त्याने ही शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या कष्टकरी स्त्रीला विचारावे. सगळ्या ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी सुमारे पाचांतल्या एकीचा तो हात पुढे केव्हातरी सुजतो, आणि एकदा सुजलेला हात बहुधा पुरता ओसरत नाही. त्या हातात बांगडी चढत नाही, पोलक्याची एक बाही सैल शिवून घ्यावी लागते, कापूस वेचताना बोंडाचे टोक लागले किंवा खुरपताना काटा रुतला तरी हात लाल होऊन फणफणून ताप भरतो, आणि भाकरी थापण्यापासून हंडा उचलण्यापर्यंतच्या ज्या कामांवर घरातले तिचे स्थान उभे असते, ती सारी कामे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून करून घ्यावी लागतात. कर्करोगातून वाचलेल्या स्त्रीला हे दुखणे उरलेल्या जन्मासाठी देताना ते खरोखर आवश्यक होते काय, याची खातरजमा करणे हे वैद्यकाचे कर्तव्यच होते.

ती खातरजमा करण्याची युक्ती १९९० नंतरच्या काही वर्षांत सापडली. स्तनातून निघणारी लस काखेतील सगळ्या ग्रंथींत एकाच वेळी जात नाही. घाट चढून आलेला माल पूर्वी पेठेत शिरण्याआधी जसा जकातनाक्यावर थांबे, तशी ती आधी एक-दोन ठरावीक ग्रंथींत येते, आणि नाका निर्दोष असेल तर पेठेची झडती घेण्याचे प्रयोजन उरत नाही. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या कर्करोगात हा मार्ग दाखवला. पुढच्या दोन वर्षांत डेव्हिड क्रॅग यांनी किरणोत्सारी द्रव्य वापरून आणि अर्मांडो जुलियानो यांनी निळा रंग टोचून स्तनाच्या कर्करोगातही या पहारेकरी ग्रंथी हुडकता येतात हे सिद्ध केले. शस्त्रक्रियेच्या आधी स्तनात रंग टोचायचा, काखेत निळी झालेली ग्रंथी शोधून काढायची, आणि ती स्त्री टेबलावर भुलीत असतानाच त्या ग्रंथीत रोग आहे की नाही हे ठरवायचे. पाश्चात्त्य देशांतला रंग महाग म्हणून आपल्याकडच्या शल्यवैद्यांनी स्वस्त मिथिलीन ब्लू वापरून हेच काम चालवले आहे, आणि ते उत्तम चालले आहे. ज्या स्त्रियांच्या केवळ या ग्रंथी काढल्या जातात, त्यांत हात सुजण्याचे प्रमाण शंभरांत पाच-सहापर्यंत खाली येते.

मात्र ‘टेबलावर असतानाच’ या अटीत सारी अडचण होती. ग्रंथी गोठवून, तिचे पातळ काप करून, सूक्ष्मदर्शकाखाली ते घाईने पाहणारा विकृतिवैज्ञानिक कितीही निष्णात असला तरी त्याच्या नजरेखाली ग्रंथीचा अल्पसा अंशच येतो, आणि कापांच्या मधल्या भागात दडलेला ठिपका तसाच सुटतो. मग चार-आठ दिवसांनी सविस्तर अहवालात तो सापडला की त्या स्त्रीला पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा इस्पितळाचा खर्च. या अडचणीवर रेणवीय परीक्षेने तोडगा काढला. निरोगी लसिकाग्रंथीत आढळू नये, पण स्तनाच्या पेशीत बहुधा असावेच, असे एक प्रथिन आहे: सायटोकेराटिन-१९. ते तयार करण्याचा निरोप घेऊन जाणारा आरएनएचा रेणू ग्रंथीत सापडला, तर तेथे स्तनातल्या पेशी येऊन पोहोचल्या आहेत असे मानण्यास हरकत नाही. जपानमधील कोबे येथील सिसमेक्स या कंपनीने या तत्त्वावर ‘ओस्ना’ नावाची पद्धत बसवली. ग्रंथी द्रावणात पूर्णपणे कुटून घ्यायची, आणि जपानमध्येच २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लॅम्प’ या प्रवर्धनाच्या रीतीने, एकाच तापमानावर, त्या रेणूच्या प्रती वाढवत न्यायच्या. अर्ध्या-पाऊण तासात यंत्र आकडा सांगते. मायक्रोलिटरमागे अडीचशे प्रतींखाली निकाल नकारार्थी, अडीचशेच्या वर सूक्ष्म प्रसार, पाच हजारांच्या वर मोठा प्रसार. अमेरिकेत अशाच एका रेणवीय चाचणीला २००७ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये शस्त्रक्रिया चालू असताना ओस्ना वापरण्याची शिफारस केली.

यंत्राची ही करामत थोर आहे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. नजरेच्या थकव्यापासून, कापांच्या नशिबापासून आणि एका तज्ज्ञाच्या ‘हो’ व दुसऱ्याच्या ‘नाही’ यांच्यातील तफावतीपासून तिने रुग्णाला मोकळे केले. तिच्या मर्यादाही उघड आहेत. कुटून टाकलेली ग्रंथी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही, म्हणजे फेरतपासाचा मूळ दस्तऐवजच नष्ट होतो, आणि काही थोड्या गाठी सायटोकेराटिन-१९ तयारच करीत नाहीत, त्यांच्याबाबत यंत्राचा नकार फसवा ठरतो. पण या मर्यादांहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. ज्या वर्षांत ही बारीक नजर तयार होत होती, त्याच वर्षांत ‘इतके बारीक पाहून करायचे काय’ या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या चाचण्यांतून येऊ लागले होते.

अमेरिकेत पहारेकरी ग्रंथी निर्दोष ठरलेल्या हजारो स्त्रियांच्या ग्रंथी पुन्हा, खोलवर कापून तपासण्यात आल्या, तेव्हा त्यांपैकी १५.९ टक्के स्त्रियांत आधी निसटलेला प्रसार सापडला. हा आकडा ऐकून कोणाच्याही काळजाचा ठोका चुकावा. परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण दडलेला प्रसार असलेल्यांत ९४.६ टक्के आणि नसलेल्यांत ९५.८ टक्के भरले. म्हणजे जो ठिपका शोधण्यासाठी इतका खटाटोप केला, त्याचा परिणाम शंभरांत एकीच्या आसपास. त्याच वर्षी जुलियानो यांच्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. गाठ लहान किंवा मध्यम, स्तन राखून शस्त्रक्रिया, नंतर किरणोपचार, आणि एक-दोन पहारेकरी ग्रंथींत रोग ठळकपणे सापडलेला, अशा ८९१ स्त्रियांपैकी निम्म्यांची काख पूर्ण साफ केली, निम्म्यांची तशीच ठेवली. साफ केलेल्यांपैकी २७ टक्क्यांच्या उरलेल्या ग्रंथींतही रोग होता. अर्थात तशीच ठेवलेल्यांतही तो जवळपास तेवढाच मागे राहिला असला पाहिजे. असे असूनही दहा वर्षांनी काख राखलेल्यांपैकी ८६.३ टक्के आणि साफ केलेल्यांपैकी ८३.६ टक्के स्त्रिया हयात होत्या. आणि २०२३ मध्ये मिलानच्या चाचणीने त्याही पुढचे पाऊल टाकले: गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची असेल आणि सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसत असेल, तर पहारेकरी ग्रंथीही न काढता पाच वर्षांत रोग दूरच्या अवयवांत न जाण्याचे प्रमाण ९८ टक्के राहिले, आणि ग्रंथी काढलेल्यांत ९७.७ टक्के.

या साऱ्याचा अर्थ काखेतला रोग निरुपद्रवी असतो, असा मुळीच नाही. किरणोपचार, संप्रेरकविरोधी गोळ्या आणि रसायनोपचार (केमो) हे जे उपचार आता जवळजवळ प्रत्येकीला मिळतात, ते काखेत राहिलेल्या अशा ठिपक्यांचा परामर्श घेतात, आणि ते उपचार कोणते द्यावेत हा निर्णय काखेच्या अहवालावर पूर्वीइतका अवलंबून राहिलेला नाही. ज्या अमेरिकन चाचणीला २००७ मध्ये मान्यता मिळाली होती, ती तिच्या उत्पादकांनी काही वर्षांतच बाजारातून काढून घेतली. ओस्ना जपान आणि स्पेनमध्ये अजून चालते, आणि आधी केमो देऊन मग शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत तिचा उपयोग होईल काय याचा अभ्यासही चालू आहे. तो चालू राहावा. पण आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणी उद्या कोणी असे यंत्र बसवण्याची तजवीज करू लागला, तर मी त्याला विरोध करीन. आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया रुग्णालयात येतात तेव्हा गाठ मोठी झालेली असते आणि काखेतील ग्रंथी बोटालाच लागतात. त्यांच्या बाबतीत यंत्राने विचारायचा प्रश्नच शिल्लक नसतो.

मुंबईच्या परळ भागात १९४१ पासून उभ्या असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाने या बाबतीत जो विवेक दाखवला, त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. किरणोत्सारी द्रव्य आणि ते शोधणारे यंत्र सगळीकडे मिळणार नाही, हे ओळखून तेथील शल्यवैद्यांनी काखेच्या तळाशी, एका विशिष्ट चेतातंतूखाली असलेली चरबी आणि तीतल्या ग्रंथी तेवढ्या काढण्याची सोपी रीत पद्धतशीरपणे पडताळली, आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोग असून नसल्याचा निर्वाळा देण्याची चूक पहारेकरी ग्रंथीच्या पद्धतीत १२.७ टक्के आणि या साध्या रीतीत १०.५ टक्के निघाली. कोणत्याही शल्यवैद्याला आपल्या हाताने आणि डोळ्याने करता येण्याजोगी ही रीत आहे. याच रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून वीस वर्षे दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर जो प्रयोग केला, त्यात थोडे शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. त्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ३७ टक्के, तर तपासणी न झालेल्यांत ४७ टक्के होते, आणि पन्नाशीनंतरच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळले. ‘स्टेज’ बदलण्याचे सामर्थ्य शिकवलेल्या बोटांत किती आहे, याचा याहून चांगला पुरावा जगात दुसरीकडे फारसा नाही.

आता रक्ताच्या चाचण्यांविषयी थोडे. रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी एका ऑस्ट्रेलियन वैद्याने १८६९ मध्येच पाहिल्या होत्या, आणि त्या मोजणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. साडेसात मिलिलिटर रक्तात पाच किंवा अधिक पेशी सापडल्या तर पसरलेल्या रोगाचे भवितव्य वाईट, हे त्याने खरेपणाने सांगितले. मग त्या आकड्यावरून केमो लवकर बदलली तर आयुष्य वाढते काय, हे एका मोठ्या चाचणीत पाहिले. २०१४ मध्ये उत्तर आले, नाही. आज रक्तातील डीएनएचे तुकडे तपासणाऱ्या अधिक सूक्ष्म चाचण्या निघाल्या आहेत, पसरलेल्या रोगात विशिष्ट जनुकीय बदलाला लागू पडणारे औषध निवडण्यासाठी त्यांतील काहींचा निश्चित उपयोग होतो, आणि पुढे तो वाढेल अशी चिन्हे आहेत. परंतु उपचार संपवून बऱ्या झालेल्या स्त्रीला ‘पुन्हा उद्भवला तर आधी कळेल’ एवढ्याच आश्वासनावर दर काही महिन्यांनी हजारो रुपयांची चाचणी करवून घ्यायला लावणे, आणि ती होकारार्थी आली तरी त्यावर वेगळे काही करण्याची तयारी नसणे, याला मी अन्याय म्हणतो. घरातली माणसे अशा वेळी दागिने मोडतात, शेताचा तुकडा गहाण टाकतात; त्यांना नकार देता येत नाही, म्हणूनच सुचवणाऱ्याची जबाबदारी अधिक आहे.

रोगाच्या जातीचा प्रश्न याहून निराळा, कारण त्याच्या उत्तराबरोबर औषध बदलते. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये स्त्रीचे अंडाशय काढले असता काहींच्या स्तनातील गाठी आक्रसतात हे नोंदवले. असे काहींच्याच का होते, याचा उलगडा साठेक वर्षांनी शिकागोत एल्वुड जेन्सन यांच्या संशोधनाने झाला. काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन हे संप्रेरक धरून ठेवणारे प्रथिन, म्हणजे ग्राही, असते. त्याच गाठी संप्रेरकावर पोसतात. अशा गाठी असलेल्या स्त्रियांना पाच वर्षे टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी दिली, तर या रोगाने येणारे मृत्यू पुढच्या पंधरा वर्षांत सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतात. हर-टू नावाचे दुसरे प्रथिन अतोनात वाढलेल्या गाठी पूर्वी फार घातक समजल्या जात. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब हे औषध आले, २००५ मध्ये ते सुरुवातीच्या टप्प्यातील रोगातही पुनरुद्भव जवळपास निम्म्यावर आणते हे दिसले, आणि २०१४ पासून त्याची भारतीय कंपन्यांनी बनवलेली आवृत्तीही मिळू लागली. एकवीस जनुकांच्या चाचणीने तर याहून पुढची सोय केली: २०१८ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत, संप्रेरकग्राही असलेल्या आणि काखेत रोग नसलेल्या, मध्यम गुणांकाच्या स्त्रियांपैकी पन्नाशी उलटलेल्यांना केमोने अधिक लाभ होत नाही, असे ठरले. त्याच वर्षापासून अमेरिकेत टप्पा ठरवण्याच्या अधिकृत नियमपुस्तकात गाठीचा आकार, ग्रंथी आणि दूरचा प्रसार यांच्या जोडीला ग्राहींचा हिशेब धरला जाऊ लागला. वाट आणि जात यांची ही युती योग्यच झाली.

पण ही जात चुकीची लिहिली गेली तर काय होते, याची कैफियत कॅनडातील न्यूफाउंडलंड प्रांताच्या दप्तरात आहे, आणि ती आपल्या आरोग्यखात्याच्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावी असे मला वाटते. सेंट जॉन्स या राजधानीतील प्रयोगशाळेत १९९७ ते २००५ या काळात केलेल्या संप्रेरकग्राहींच्या चाचण्यांत गंभीर दोष होते. २००५ मध्ये एका स्त्रीचा आधी नकारार्थी आलेला निकाल फेरतपासात होकारार्थी निघाला, म्हणून जुने तुकडे टोरांटोला पाठवून तपासले, तेव्हा सुमारे चारशे स्त्रियांना चुकीचा निकाल दिला गेला होता असे उघडकीस आले. ज्यांना ती स्वस्त गोळी मिळायला हवी होती, त्यांना ती मिळालीच नाही. त्यांतल्या किती तिच्यामुळे वाचल्या असत्या, हे आता कोणीही सांगू शकत नाही. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या आयोगाने मार्च २००९ मध्ये जो अहवाल दिला, त्यात कोण्या एका दुष्टाचे नाव नाही. तुकडे नीट न मुरवणे, कामाची नोंद न ठेवणे, दर्जाची बाहेरून तपासणी न होणे, आणि चूक कळल्यावर रुग्णांना वेळेवर न सांगणे, अशा रोजच्या वाटणाऱ्या ढिलाईची ती जंत्री आहे. संपन्न देशात, सुशिक्षित माणसांकडून, आठ वर्षे हे चालले होते.

आपल्याकडे याहून बरी स्थिती असेल असे मानण्यास कोणता आधार आहे? शास्त्र असे सांगते की, गाठ शरीरातून निघाल्यापासून तासाभराच्या आत ती दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे, आणि तेथे सहा तासांहून कमी नाही व बहात्तर तासांहून अधिक नाही इतकाच काळ राहिली पाहिजे. नाहीतर ग्राही असूनही ते चाचणीत उमटत नाहीत. तालुक्याच्या गावी एखाद्या खासगी दवाखान्यात शस्त्रक्रिया होते, गाठ हाताला लागेल त्या बरणीत, जेमतेम बुडेल एवढ्या द्रवात टाकली जाते, आणि ती बरणी एखाद्या नातेवाइकाच्या हाती देऊन त्याला एसटीने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे धाडले जाते. त्या बरणीवर गाठ केव्हा काढली याची वेळ लिहिलेली नसते, आणि मध्ये रविवार आला तर ती तशीच पडून राहते. भारतातील स्त्रियांत संप्रेरकग्राही असलेल्या गाठींचे प्रमाण पाश्चात्त्यांहून कमी दिसत आले आहे. त्यात आपल्या स्त्रियांच्या वयाचा व प्रकृतीचा भाग किती, आणि बरणीत उशिरा पडलेल्या तुकड्यांचा किती, हा प्रश्न विकृतिवैज्ञानिक मंडळी फार दिवस विचारत आहेत. ज्या देशात २०२२ मध्ये सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक कर्करोगनोंदीचा अंदाज आहे, तेथे या प्रश्नाला गौण समजणे परवडणारे नाही.

मी रेणवीय चाचण्यांच्या विरुद्ध आहे असा कोणी ग्रह करून घेऊ नये. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने, तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी जी चाचणी झाली, तिने जगाला एक धडा दिला: एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी तपासणी आयुष्यात एकदा झाली तरी त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनी दाखवले. ज्या मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याचीही भ्रांत असते, तेथे रेणवीय चाचणी जिवाला उपयोगी पडली, कारण होकारार्थी आलेल्या प्रत्येकीला पुढे काय करायचे हे आधीच ठरलेले होते आणि ते करण्याचा बंदोबस्तही केलेला होता. स्तनाच्या कर्करोगातही मी हीच कसोटी लावतो. काखेतला शेवटचा ठिपका मोजणाऱ्या यंत्राआधी, रक्तातली एकेक पेशी गणणाऱ्या चाचणीआधी, प्रत्येक गाठीची ईआर (इस्ट्रोजेन), पीआर (प्रोजेस्टेरॉन) आणि हर-टू या तीन ग्राहींची तपासणी बिनचूक झाली पाहिजे; तिला काही हजार रुपये लागतात, आणि तिच्या उत्तरावर पाच वर्षांची गोळी, वर्षभराचे इंजेक्शन किंवा केवळ केमो यांपैकी काय द्यायचे हे ठरते.

यासाठी शासनाला फार मोठी यंत्रणा उभी करावी लागणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून स्तनाच्या कर्करोगासाठी केमोची मंजुरी देताना, संप्रेरकग्राही व हर-टू यांचा अहवाल कागदपत्रांत असल्याशिवाय, आणि गाठ काढल्याची व फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ त्या अहवालावर नोंदलेली असल्याशिवाय, मंजुरी पुढे सरकू नये. आणि ज्या रुग्णालयाला ही तपासणी स्वतः करता येत नाही, त्याला ती जवळच्या शासकीय महाविद्यालयातून विनामूल्य करून मिळावी. ग्राहींची तपासणी करणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेने बाहेरच्या गुणवत्तातपासणीत भाग घेणे सक्तीचे असावे; टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडसारखी, देशभरच्या कर्करोग रुग्णालयांना जोडणारी संघटना आपल्याकडे आहे, तिच्या अनुभवाचा उपयोग जिल्ह्यांपर्यंत पोहोचवता येईल.

आणि ज्या घरात आज अशी गाठ सापडली असेल, त्या घरातील मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. ‘पसरला का’ हे अवश्य विचारा, पण केमोची पहिली बाटली लागण्यापूर्वी ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्यांचा लेखी अहवालही मागून घ्या. कोणतीही नवी, महागडी चाचणी सुचवली गेली तर तिचा निकाल असा आला अथवा तसा आला, तर उपचारात नेमका काय फरक कराल, हे डॉक्टरांना सरळ विचारा. मेणात ठेवलेला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स कोणत्या प्रयोगशाळेत आहेत, त्यांचा क्रमांक काय, हे लिहून ठेवा, आणि निकालाविषयी शंका वाटली तर तोच ब्लॉक दुसरीकडे तपासून घेण्यास संकोच करू नका. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.